माणशी दोन हंडे

आमच्या इमारतीचं नाव शीतलधारा. बिल्डरला मी एकदाच पाहिलं होतं. माणूस अजिबात विनोदी वाटला नाही, तेव्हा नाव त्याने मनापासूनच ठेवलं असणार. हाटकेश नावाच्या वस्तीतली चार मजली इमारत, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही, आणि त्या उन्हाळ्यात नळाला पाणीही नाही. येईल ते पाणी आवारातल्या जमिनीखालच्या टाकीत साठायचं, पण गच्चीवर चढवावं इतकं ते कधी साठायचंच नाही. मग टाकीचं झाकण काढायचं, रबरी नळीने हंडे भरायचे आणि ज्याने त्याने आपापल्या मजल्यावर न्यायचे. सकाळी सहाला जिन्यात स्टीलच्या कळश्या, पितळी हंडे आणि रंगाचे रिकामे डबे असा सगळा बँड सुरू व्हायचा. मी दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते, म्हणजे घरच्यांच्या मते रिकामटेकडी होते, त्यामुळे तिसऱ्या मजल्यापर्यंत हंडे चढवायचं काम माझ्यावर आणि विजूमावशीवर आलं. अजूनही कुठे भांड्यावर भांडं आपटलं की माझं डोकं उठतं.

बाबा फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत परिपत्रकांचे मसुदे करायचे. पंचवीस वर्षं त्यांनी लिहिलं आणि खाली सही दुसऱ्याची झाली. शीतलधाराचं सेक्रेटरीपद घ्यायला कोणी पुढे येईना तेव्हा ते आले, कारण तिथे मसुदाही त्यांचा आणि सहीही त्यांचीच. घरातसुद्धा त्यांची ती भाषा सुटत नसे. फ्रिजवर ‘फ्रिजचे दार उघडे राहत असल्याबाबत’ अशी चिठ्ठी चिकटलेली असायची आणि शेवटी ‘सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी’. सर्व संबंधित म्हणजे आई, मी, माझा धाकटा भाऊ नितीन आणि विजूमावशी. आई त्या चिठ्ठ्यांच्या मागच्या बाजूवर वाण्याची यादी लिहायची.

विजूमावशी आईची धाकटी बहीण. तिचं सासर लांज्याजवळ. तिचा नवरा मस्कतला नोकरीला गेला, दोन वर्षं पत्रं आली, मग पत्रं थांबली आणि त्याने तिकडे दुसरं घर मांडल्याची बातमी आली. तेव्हा सासूने तिला ‘जरा माहेरी जाऊन आराम कर’ म्हणून पाठवलं. माहेरी आईवडील राहिले नव्हते, म्हणून ती आमच्याकडे आली, एक बॅग आणि सुकटीचा डबा घेऊन. त्याला तीन वर्षं झाली होती. सुकट पहिल्या महिन्यात संपली, पण बॅग पलंगाखाली भरलेलीच होती. ती कपडे त्यातून काढायची आणि धुऊन, घड्या घालून परत त्यातच ठेवायची. कपाटात एक कप्पा आईने तिच्यासाठी रिकामा केला होता. तो तीन वर्षं रिकामाच राहिला, शेवटी त्यात नितीनच्या पतंगांनी जागा केली. स्वयंपाक बहुतेक तीच करायची. त्या उन्हाळ्यात परात धुवायला पाणी जातं म्हणून भाकऱ्या बंद झाल्या आणि भात वाढला. तांदूळ धुतलेल्या पाण्यात ती भांड्यांचा पहिला हात काढायची आणि तेच पाणी मग खिडकीतल्या ओव्याच्या कुंडीला. सकाळी कुळथाची पिठी, संध्याकाळी कुळथाची पिठी. नितीन म्हणायचा की आपण घोडे आहोत. मावशी त्याला वर आणखी एक पळी वाढायची.

सुरुवातीला पाण्याचा नियम सोपा होता: घरटी आठ हंडे. पहिल्या मजल्यावर जयंतीभाई आणि त्यांची बायको, दोघंच. आठ हंड्यांत त्यांचं सगळं होऊन वर स्कूटर धुतली जायची. आमच्या समोरच्या दारात शेखभाभी. त्यांच्याकडे सात माणसं, त्यात एक अंथरुणाला खिळलेली सासू. त्यांनाही आठ. शेखभाभी कधी तक्रार करत नसत, पण दुपारी त्यांच्याकडून लहान मुलांना पाण्यावरून ओरडल्याचा आवाज यायचा. एका रविवारी चहा पिताना बाबा तो आवाज ऐकत होते. कप खाली ठेवून ते आईला म्हणाले, “घर पाणी पीत नाही. माणूस पितो.” आई म्हणाली, कप विसळायला टाका. मी आता ज्या संस्थेत नोकरी करते तिथे योजना कुटुंबाला द्यावी की माणसाला, यावर दोन-दोन दिवस चर्चासत्रं होतात, जेवणासकट. बाबांनी तो प्रश्न एका चहात निकालात काढला होता. त्यांचं ते वाक्य मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मसुदा लागला. ‘प्रस्तावित नियम: माणशी दोन हंडे. हरकती व सूचना सात दिवसांच्या आत लेखी कळवाव्यात.’ हरकत एकही आली नाही. सूचना एक आली, ती कबुतरांबद्दल होती. नियम लागू झाला आणि पहिल्याच आठवड्यात शीतलधाराची लोकसंख्या दीडपट झाली. एका घरी सून बाळंतपणाहून परत आली, जिचं लग्न दिवाळीत ठरलेलं होतं. तळमजल्यावरच्या एका घराने आजोबांना धरून सहा माणसं सांगितली. त्या आजोबांच्या तेराव्याला आम्ही आदल्या वर्षी जेवून आलो होतो. बाबा चिडले नाहीत. त्यांच्या मते हे अपेक्षितच होतं, नियमाला पुराव्याची जोड द्यायची राहिली होती इतकंच. पुरावा म्हणून त्यांना एकच गोष्ट सुचली, त्यांच्या पिढीतल्या कुठल्याही कारकुनाला सुचली असती ती: रेशनकार्ड. कार्डावर जितकी नावं, तितकी माणसं. 

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये टेबल मांडून बाबांनी सगळ्यांची कार्डं तपासली. जयंतीभाईंच्या कार्डावर सहा नावं निघाली. त्यांचे दोन मुलगे बायकांसह सुरतेला स्थायिक झाले होते, पण नावं कमी करायला कोण जातो. दोन माणसांना बारा हंडे लागू झाले. शेखभाभींच्या कार्डावर तीन नावं, बाकीची जौनपूरकडच्या गावच्या कार्डावर. सात माणसांना सहा हंडे, म्हणजे जुन्या आठपेक्षाही दोन कमी. शेखभाभी भांडल्या नाहीत. “हमारा कागज का घर छोटा है भाईसाब,” एवढंच म्हणाल्या आणि कार्ड पदराखाली घेऊन वर गेल्या. बाबांचं पेन जरा थांबलं, पण रकाना भरायचा होता, तो त्यांनी भरला.

मग आमचा नंबर. बाबांनी स्वतःचं कार्ड स्वतःच उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, “तिसरा मजला, पाष्टे. चार.” मी आणि मावशी रिकामे हंडे घेऊन दोन हात अंतरावर उभ्या होतो. जयंतीभाई सज्जन गृहस्थ, त्यांनाच राहवलं नाही. “साहेब, तुमच्याकडे तर पाच जण आहेत ना?” बाबा म्हणाले, “कार्डावर चार आहेत. नियम सगळ्यांना सारखा.” हे म्हणताना त्यांचा चेहरा मी पाहिला. स्वतःच्या घरापासून सुरुवात केल्याचं समाधान होतं त्यावर. मावशी टाकीच्या झाकणाकडे बघत होती. तिचं नाव लांज्याकडच्या सासऱ्यांच्या पिवळ्या कार्डावर होतं. जिथे ती राहत नव्हती तिथे ती मोजलेली होती आणि जिथे राहत होती तिथे नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर मावशी घरात नाही आणि हंड्यांतला एक कमी. आठच्या सुमाराला ती आली, डोक्यावर भरलेला हंडा. हायवेकडच्या जुन्या गावात विहीर आहे, तिथून आणला म्हणाली. जाऊन-येऊन तासभराची पायपीट. आईने विचारलं, हे काय नवीन. मावशी म्हणाली, “तुमच्या चौघांचं तुम्हाला पुरू दे. माझं मी आणीन.” ती रागावली होती असं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती त्या हंड्यातलंच पाणी प्यायची, त्याच पाण्याने अंगावर दोन तांबे घ्यायची, आणि आमच्या पिंपातल्या पाण्याला हात लावायची तो फक्त आमचा स्वयंपाक करण्यापुरता. तिसऱ्या दिवशी मी हट्टाने तिच्याबरोबर गेले. विहिरीवर गावातली एक म्हातारी कपडे धूत होती. तिने मावशीला नीट न्याहाळून विचारलं, “कुनाची गो तू?” साधा प्रश्न, गावात कोणीही कोणालाही विचारतं. मावशीच्या ओठांवर सासरचं नाव आलं असावं, ते तिने गिळलं. माहेरचं काढलं नाही. शेवटी इमारतींच्या दिशेने नुसता हात केला. मी आगाऊपणाने सांगून टाकलं की आमच्याकडे पाण्याला कार्ड लागतं आणि हिचं नाही. म्हातारी हसली वगैरे नाही. “भर गो. बावीला कारड लागत न्हाय,” म्हणाली आणि विहिरीचा दोर मावशीच्या हातात देऊन परत कपड्यांकडे वळली.

सेक्रेटरीची मेहुणी गावातून पाणी आणते ही बातमी चार मजले चढायला किती वेळ लागणार. बाबा म्हणायचे, मी नियमाला अपवाद केला तर उद्या सोळा अपवाद होतील. मग एका संध्याकाळी बाबा कचेरीतून आले, हातपाय धुऊन जेवायला बसायला आले, तर जमिनीवर चार ताटं मांडलेली: आईचं, मावशीचं, माझं, नितीनचं. बाबा उभेच राहिले. आईने पिठी वाढत, वर न बघता सांगितलं, “चारच माणसांचं केलंय. तुमच्या रजिस्टरप्रमाणे.” नितीनला हसू आलं, मी त्याला चिमटा काढला. मावशी आपलं ताट सरकवून उठायला लागली तर आईने तिच्या मांडीवर हात दाबून तिला खाली बसवलं. बाबा आत जाऊन पलंगावर बसले. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही आली होती, दोन्ही एकदम. शेवटी माझ्या ताटातला अर्धा भात वाटीत घालून मी त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो खाल्ला आणि वाटी स्वतः विसळली, अगदी थोड्या पाण्यात.

दोन दिवसांनी ते रजा टाकून गावी गेले. काम आहे, एवढंच सांगितलं. आम्हाला वाटलं जमिनीचं काही असेल. तिसऱ्या दिवशी दुपारी परत आले ते खांद्यावर फणस घेऊन आणि असे खुशीत की बूट काढायचीही शुद्ध नाही. “विजू, इकडे ये. काम झालं,” म्हणाले आणि बॅगेतून एक कागद काढून तिच्यापुढे धरला. ते मावशीच्या सासरी गेले होते. तिच्या सासऱ्यांना घेऊन तहसील कचेरीत गेले होते आणि त्यांच्या कार्डावरून मावशीचं नाव कमी केल्याचा दाखला घेऊन आले होते. आता इथल्या कार्डावर नाव चढवायचं की झालं, पाच माणसं, दहा हंडे, नियमात बसवून. त्यांनी नियम मोडला नव्हता, नियमाच्या आत राहून मेहुणीला न्याय दिला होता. कारकुनाला याहून मोठी माया करता येत नाही, हे मला आज कळतं.

मावशीने पदराला हात पुसून कागद घेतला. सगळा वाचला, शिक्क्यावरची अक्षरंसुद्धा. मग विचारलं, “मामंजींनी सही केली?”

“लगेच. अर्ज मी तयारच नेला होता. एक शब्द विचारला नाही त्यांनी.”

“आणि सासूबाई?”

“त्यांनी चहा दिला. काही म्हणजे काही अडचण आली नाही.”

मावशीने कागदाची घडी घातली. “भावोजी, मला एकदा विचारायचं होतंत,” ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. “तिकडचा रेशनवाला साखर देताना कार्डावरची नावं मोठ्याने वाचतो. रांगेत सगळं गाव असतं. माझं नाव आलं की सासूबाईंना ‘हो’ म्हणावं लागायचं. साखर त्या खायच्या, खाऊ देत. पण महिन्यातून एकदा त्यांना ‘हो’ म्हणावं लागायचं.”

इतकं बोलून ती ओट्याकडे गेली आणि कुळीथ निवडायला बसली. बाबा बूट न काढता तसेच खुर्चीत बसून राहिले. आईने त्यांना पाणी दिलं. फणस तीन दिवस कोपऱ्यात पिकत पडला, घरभर वास सुटला, शेवटी आईने तो शेखभाभींकडे दिला.

इथल्या रेशन कचेरीत कळलं की नाव चढवायला चौकशी होते आणि चौकशीला वेळ लागतो. म्हणजे आता मावशी तिकडेही नव्हती आणि इकडेही नव्हती. हातात फक्त नसल्याचा दाखला. तिने तो बॅगेत कपड्यांखाली ठेवला. विहिरीवर जाणं चालूच होतं. मी आता गावोगाव पाहणी करणाऱ्या मुलामुलींना शिकवते. ‘घरात माणसं किती’ हा प्रश्न कसा विचारावा यावर माझं तासाभराचं व्याख्यान आहे. त्यात मी व्याख्या सांगते, अपवाद सांगते, पडद्यावर तक्ते दाखवते. हा दाखला मी त्यांना कधी सांगितलेला नाही.

पुढच्या रविवारी संध्याकाळी बाबांनी सभा बोलावली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, बायका जिन्याच्या पायऱ्यांवर. मावशी खाली आली नाही, ती सभासद नव्हती. बाबांनी कागद काढला. मला वाटलं आता ‘उपरोक्त’पासून सुरू होणार, तसंच झालं: “उपरोक्त नियमात अंशतः बदल करून असा ठराव मांडण्यात येतो की, या नियमापुरती ‘व्यक्ती’ म्हणजे...” आणि ते थांबले. चष्मा काढून पुसला, परत लावला. “व्यक्ती म्हणजे घरात राहणारी व्यक्ती. याहून चांगलं मला लिहिता आलेलं नाही.” कागदाची घडी करून त्यांनी खिशात घातली. त्यांचा अपुरा मसुदा मी तो एकच पाहिला.

जयंतीभाईंनी विचारलं, मग पुरावा काय. प्रश्न बरोबर होता, परत आजोबा उठून बसले असते. बाबा म्हणाले, “पुरावा समोरचं दार. तुमच्याकडे किती माणसं ते तुम्ही नाही सांगायचं, समोरचा सांगेल.” कोणाच्या घरात किती जण राहतात, कोण कधी आलं, कोणाचं कोण गेलं, हे आमच्या इमारतीत समोरच्या दाराइतकं कोणालाही ठाऊक नसे. त्यामुळे लबाडीला जागाच उरली नाही. एकेक दार बोलायला लागलं. जयंतीभाईंच्या समोरच्या मास्तरीणबाईंनी सांगितलं, दोन. जयंतीभाई पायाकडे बघत म्हणाले, “बराबर छे.” शेखभाभींचं दार आमच्या समोर, तेव्हा त्यांचं आईने सांगितलं: सात, आणि आजींना पाणी जास्त लागतं तेही लिहा. मग बाबांनी रजिस्टरातल्या आमच्या ओळीवर बोट ठेवलं आणि शेखभाभींकडे पाहिलं. सेक्रेटरी झाल्यापासून पहिल्यांदाच ते उत्तर माहीत नसल्यासारखे दिसत होते.

“पाँच,” शेखभाभी म्हणाल्या. “तीन साल से पाँच हैं. आप ही को नहीं मालूम था.”

बाबांनी चार खोडून पाच केलं आणि शेजारी सही केली. सोमवारी सकाळी मी मावशीला म्हटलं की आपले दहा हंडे आहेत, गावात जायचं नाही. ती माझ्याबरोबर खाली आली, टाकीपाशी उभी राहिली आणि दहाही हंडे तिने वर नेले, मला एक उचलू दिला नाही. पाणी भरल्यावर गावातल्या म्हातारीला सांगायला म्हणून मात्र ती एकदा विहिरीवर जाऊन आली, आमची आमसुलं घेऊन.

नाव कार्डावर चढायला गणपती उजाडले. आमचं कार्ड केशरी, त्यावर साखरबिखर काही मिळत नसे. सासरच्या कार्डावर निदान साखर होती. आमच्यावर नुसती नावं. तरी शनिवारी, कचेरीला सुट्टी होती तेव्हा, बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मावशीला म्हणाले चल, आणि मलाही बरोबर घेतलं. रेशन दुकानात रांग होती. बाबांना रांगेचा तिटकारा, पण ते रांगेत उभे राहिले, मावशी त्यांच्या मागे, मी तिच्या मागे. नंबर आला तेव्हा दुकानदाराने कार्डाचा रंग बघितला आणि सांगितलं की ह्या कार्डावर काही नाही. बाबा म्हणाले, माहीत आहे. फक्त नावं वाचून दाखवा, मोठ्याने. दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं आणि वेड्याच्या नादाला कोण लागतो अशा आवाजात वाचायला सुरुवात केली. बाबांचं नाव झालं, आईचं झालं, माझं, नितीनचं.

“विजया,” त्याने वाचलं आणि मान वर केली.

“हो,” बाबा म्हणाले, मागच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं.

दुकानदाराने कार्ड परत केलं. मावशीने ते बाबांच्या आधी हात पुढे करून घेतलं आणि घरी येईपर्यंत कोणाला दिलं नाही. आल्यावर तिने पलंगाखालची बॅग ओढली, नितीनला कपाटातले पतंग काढायला सांगितले, आणि कप्पा ओल्या फडक्याने दोनदा पुसला.